आयपीएफचे १८० नमुने आणि १४ कुटुंबं : जनुकीय अभ्यासाची आखणी कशी करावी?

प्रश्न – वायुकोश

विषय इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिसचा, म्हणजे आयपीएफचा. फुप्फुसात व्रण साठत जाऊन ती वर्षागणिक कडक होत जातात, तो आजार. हाताशी आहे ते असं :

– निदान झालेल्या १८० रुग्णांचा डीएनए. ईडीटीए रक्तातून काढलेला, उणे ८० अंशांवर ठेवलेला.
– यातले १४ रुग्ण असे, की त्यांच्या आईवडील, भावंडं किंवा मुलांपैकी किमान आणखी एकाला फुप्फुसाचा फायब्रोसिस आहे.
– २०० निरोगी कंट्रोल (तुलनेसाठीचे लोक), सरासरीने रुग्णांपेक्षा १० वर्षांनी लहान.
– सगळ्या रुग्णांचे एचआरसीटी (छातीचे बारकाईचे सीटी स्कॅन). बहुतेकांचे एफव्हीसी आणि डीएलसीओ (फुप्फुसाची क्षमता आणि वायू रक्तात जाण्याचं मोजमाप) दर ६ महिन्यांनी.

तीन गोष्टींवर अडलंय. एक, सगळ्यांची एसएनपी अ‍ॅरे (ठरावीक एकाक्षरी बदलांची चिप) करून जीवॅस (संपूर्ण जीनोममधली रुग्ण-कंट्रोल तुलना) करावा, सगळ्यांचं एक्झोम (प्रथिन बनवणाऱ्या भागांचं वाचन) करावं, की मोजकीच जनुकं पाहावीत? दोन, साठवलेल्या डीएनएवरून टेलोमिअरची (गुणसूत्रांच्या टोकांची) लांबी मोजण्यात अर्थ आहे का? तीन, एमयूसी५बी या जनुकाचा व्हेरिअंट (डीएनएतला बदल) आणि रुग्ण किती काळ जगतो यांचा संबंध या नमुन्यांत तपासता येईल का? तिन्ही पुरे पडतील एवढा निधी नाही.

उत्तर – संख्यारेषा

जीवॅस सोडून द्या. १८० रुग्णांत तो होणारच नाही.

उंबरठा (पी-व्हॅल्यूची मर्यादा) ०.०००००००५ आणि पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) ८० टक्के धरू. अ‍ॅलीलची (त्या जागेच्या एका रूपाची) वारंवारता ०.३ आणि ऑड्स रेशो (जोखमीचं गुणोत्तर) १.३ असेल, तर साधारण २,७०० रुग्ण आणि तितकेच कंट्रोल लागतात. डीएसपी, एफएएम१३ए, एकेएपी१३, डीईपीटीओआर ही आयपीएफमधली ठिकाणं याच पट्ट्यातली, ऑड्स रेशो १.२ ते १.५. ती सापडली ती अनेक केंद्रांचे हजारो रुग्ण एकत्र केल्यावर. अ‍ॅरे केलीत तर तो डेटा पुढे अशा एकत्रित विश्लेषणाला देता येईल एवढाच उपयोग. तो चांगला आहे, पण स्वतंत्र निष्कर्ष त्यातून निघणार नाही.

एमयूसी५बीच्या प्रोमोटरमधला (जनुक किती चालेल हे ठरवणाऱ्या भागातला) आरएस३५७०५९५० हा व्हेरिअंट मात्र या हिशेबात बसत नाही. २०११ मध्ये तो प्रथम मांडला गेला तेव्हा युरोपीय वंशाच्या रुग्णांत टी अ‍ॅलीलची वारंवारता ३५ टक्क्यांच्या आसपास होती आणि कंट्रोलमध्ये ९. प्रत्येक टी मागे जोखीम चार-पाच पट. सामान्यतः आढळणाऱ्या एखाद्या व्हेरिअंटचा एवढा मोठा परिणाम गुंतागुंतीच्या आजारांत क्वचितच दिसतो. कंट्रोलमध्ये टी १० टक्के असेल, तर जीवॅसचा कडक उंबरठा लावूनही दोन्ही बाजूंना १४०-१४० लोक पुरतात. पण हेच टी १ टक्का असेल (पूर्व आशियात साधारण तसं आहे) तर १,१००-१,१०० लागतील. हा एकच व्हेरिअंट आधी ठरवून तपासायचा असेल आणि उंबरठा ०.०५ असेल, तरी १ टक्क्याला सुमारे २२०-२२० हवेत. म्हणून आधी २०० कंट्रोलमध्ये टी मोजा आणि मगच पुढचा प्रश्न लिहा. दुसऱ्या खंडातले आकडे पॉवरच्या तक्त्यात घालून प्रस्ताव पाठवले जातात, आणि अभ्यास फसतो तो तिथेच.

पैसा लावायच्या आधी निदानाकडे वळा. सगळे एचआरसीटी किमान दोन रेडिओलॉजिस्टनी, एकमेकांचं मत न पाहता, २०१८ किंवा २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाच्या चार गटांत टाकावेत : यूआयपी (आयपीएफमध्ये दिसणारा ठरावीक नमुना), बहुधा यूआयपी, अनिश्चित, दुसरं निदान. मतभेद झाले तर बहुशाखीय चर्चेत सोडवावेत. यातला खरा धोका म्हणजे जुना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (श्वासातून गेलेल्या कणांवरची फुप्फुसाची प्रतिक्रिया) आयपीएफ म्हणून आत शिरतो. आणि एमयूसी५बीचा संबंध त्या आजाराशीही आहे, संधिवातातल्या फायब्रोसिसशीही आहे. तेव्हा ‘आमच्या रुग्णांत एमयूसी५बी दिसला, म्हणजे निदान बरोबर’ हा युक्तिवाद टिकत नाही. पक्षी, बुरशी, धुळीचे व्यवसाय यांची विचारपूस, संधिवात आणि मायोसायटिसच्या अँटिबॉडीज, आधी घेतलेली अमिओडॅरोन, नायट्रोफ्युरँटॉइन, मेथोट्रेक्झेट, ब्लिओमायसिन ही औषधं, हे प्रत्येकाच्या नोंदीत असायला हवं.

कंट्रोल १० वर्षांनी लहान आहेत याची जनुकीय तुलनेत फार काळजी नको. आजार दुर्मीळ आहे, त्यांतल्या एखाद्याला पुढे तो झाला तरी आकड्यांत फरक पडत नाही. टेलोमिअरच्या बाबतीत मात्र हेच वय आडवं येईल.

उत्तर – पिपेट

निधी मोजकाच असेल तर तो असा वाटावा : सगळ्या ३८० नमुन्यांत आरएस३५७०५९५० थेट जीनोटाइप करा, १४ कुटुंबांतल्या प्रत्येकी एका रुग्णाचं ३० पट खोलीचं संपूर्ण जीनोम करा, आणि ज्यांना आजार लवकर जडला, म्हणजे ६० च्या आत, त्यांचं जनुकांचं पॅनल. सगळ्यांच्या एक्झोमला या प्रश्नात जेवढा खर्च, तेवढी माहिती मिळत नाही. कारणं खाली.

एमयूसी५बी. हा व्हेरिअंट जनुकाच्या सुमारे ३,००० बेस अलीकडे आहे. जीआरसीएच३८ (जीनोमची संदर्भ-आवृत्ती) मध्ये ११:१२१९९९१, जीआरसीएच३७ मध्ये ११:१२४१२२१, जी चा टी. एक्झोम किटमध्ये प्रोमोटर येत नाही, त्यामुळे एक्झोममध्ये तो दिसतच नाही. अनेक अ‍ॅरेंवरही नाही, आणि आजूबाजूच्या एसएनपींवरून तो इम्प्यूट करायचा (गणिताने अंदाजायचा) तर त्या अंदाजाचा दर्जा आधी मोजायला हवा. टॅकमॅनने (एकाच व्हेरिअंटची पीसीआर चाचणी) थेट करा. विहिरीमागे ५ मायक्रोलिटर अभिक्रिया, १० नॅनोग्रॅम डीएनए. मोजणी फ्लुओरोमीटरवर करा; स्पेक्ट्रोफोटोमीटर आरएनएही डीएनए म्हणून मोजतो, मग एका प्लेटवर विहिरी वेगवेगळ्या वेगाने वर येतात आणि ठिपक्यांचे पुंजके पसरतात.

इथे हमखास होणारी चूक : कंट्रोलमध्ये टी १० टक्के असेल तर टीटी असणारे १०० तला एक. प्लेटवर एकही टीटी नसला तर सॉफ्टवेअर जीटी आणि जीजी या दोनच पुंजक्यांना ताणून तीन करतं. म्हणून प्रत्येक प्लेटवर जीजी, जीटी, टीटी हे ओळखीचे तीन नमुने असावेत. टीटी मिळाला नाही तर व्हेरिअंट असलेला कृत्रिम डीएनए चालतो. दोन-तीन विहिरी पाण्याच्या, ५ टक्के नमुने दुहेरी. हार्डी-वाइनबर्ग (जीजी, जीटी, टीटी यांचं अपेक्षित प्रमाण) फक्त कंट्रोलमध्ये तपासा. रुग्णांत ते बिघडलेलं दिसलं तर तो कदाचित खराच परिणाम असेल. त्या कारणाने डेटा फेकू नका. आणि रुग्ण एका प्लेटवर, कंट्रोल दुसऱ्या, असं कधीच नको. चिठ्ठ्या टाकल्यासारखे मिसळा.

कुटुंबं. कौटुंबिक आयपीएफमध्ये साधारण चारातल्या एका कुटुंबात टेलोमिअर सांभाळणाऱ्या जनुकात दुर्मीळ व्हेरिअंट सापडतो : टीईआरटी, टीईआरसी, आरटीईएल१, पीएआरएन, त्याहून क्वचित डीकेसी१, टीआयएनएफ२, एनएएफ१, झेडसीसीएचसी८. १४ मध्ये तीन-चारांची अपेक्षा धरा. सर्फॅक्टंटची, म्हणजे वायुकोश उघडे ठेवणाऱ्या द्रवाची, जनुकं (एसएफटीपीसी, एसएफटीपीए१, एसएफटीपीए२, एबीसीए३, एनकेएक्स२-१) याहून कमी सापडतात.

जीनोमवर भर देण्याची कारणं तांत्रिक आहेत :

टीईआरसी प्रथिन बनवत नाही. तो ४५१ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए आहे. काही एक्झोम किटमध्ये तो समाविष्टच नसतो. ‘टीईआरसी निगेटिव्ह’ असा अहवाल येतो, आणि उघडून पाहावं तर तिथे एकही रीड (वाचलेला डीएनएचा तुकडा) नसतो. किटची बेड फाइल (किट कोणते भाग वाचतं त्याची यादी) मागवून गुणसूत्र ३ वरचा तो भाग स्वतः तपासा.

एसएफटीपीए१ आणि एसएफटीपीए२ एकमेकांची जवळजवळ नक्कल आहेत. १५० बेसचे रीड नक्की कुठले हे ठरत नाही, मॅपिंग क्वालिटी शून्यावर येते आणि कॉलर (व्हेरिअंट शोधणारं सॉफ्टवेअर) ते गुपचूप वगळतो. आजाराशी जोडलेले एसएफटीपीए२ चे व्हेरिअंट प्रामुख्याने एक्सॉन ६ मध्ये आहेत, नेमक्या त्याच भागात. जनुकाला खास जुळणारे प्रायमर घेऊन लाँग-रेंज पीसीआर आणि मग सँगर, किंवा लाँग-रीड, हाच खात्रीचा मार्ग. त्या कुटुंबात फुप्फुसाचा कर्करोगही असेल तर हे टाळू नका. एसएफटीपीए१ आणि एसएफटीपीए२ च्या व्हेरिअंटमध्ये दोन्ही एकत्र दिसतात.

एबीसीए३ चा एकच बिघडलेला अ‍ॅलील म्हणजे वाहक. आजार लावायला सहसा दोन लागतात, आणि ते वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत हे आईवडिलांच्या नमुन्यावरून किंवा लाँग-रीडवरून दाखवावं लागतं.

टीईआरटीचा ए१०६२टी हा जुन्या लेखांत रोगकारक म्हणून दिसेल. लोकसंख्येत तो त्या मानाने बराच आढळतो. नॉमॅड या लोकसंख्येच्या माहितीसाठ्यातली वारंवारता पाहिल्याशिवाय जुनी यादी उचलू नका.

आणखी एक. टीईआरटीच्या प्रोमोटरमध्ये रक्तातल्या फक्त काही रीडवर, ५० टक्क्यांहून खूप खाली, व्हेरिअंट दिसला तर तो जन्मजात नसतो. टेलोमिअर झिजलेल्या रक्तपेशींनी नंतर मिळवलेली ती सुटका असते. म्हणून तो फेकून देऊ नका. त्या माणसात जन्मजात टेलोमिअर-व्हेरिअंट शोधायला तो सांगतोय.

वायुकोश

फार उपयोगी. तीन पुरवणी प्रश्न. २०० कंट्रोलचं एक्झोम दुसऱ्या एका प्रकल्पात आधीच झालेलं आहे, वेगळ्या किटवर. रुग्णांचं नवीन किटवर करून बर्डन टेस्टसाठी (जनुकातल्या दुर्मीळ व्हेरिअंटच्या एकूण संख्येची रुग्ण-कंट्रोल तुलना) जुळवता येईल का? कुटुंबातल्या व्यक्तींचं निदान वेगवेगळं असेल (एकाला आयपीएफ, दुसऱ्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस) तर कुटुंब वगळायचं का? आणि जगण्याच्या काळाबद्दल?

उत्तर – संख्यारेषा

उलट क्रमाने घेतो.

जगण्याचा प्रश्न सगळ्यांत फसवा. २०१३ मध्ये असं दिसलं की टी अ‍ॅलील असलेले आयपीएफचे रुग्ण टी नसलेल्यांपेक्षा जास्त काळ जगतात. जो अ‍ॅलील आजार ओढवतो तोच रुग्णाला तारतो, हे ऐकायला विचित्र आहे. खरंच दोन वेगळे जैविक प्रकार असू शकतात. पण केवळ रुग्णांतच पाहिल्याने असा आभास तयारही होतो. टी नसतानाही ज्याला आजार झाला, त्याच्याकडे दुसरं काहीतरी जबर कारण असणार : आखूड टेलोमिअर, जास्त धूम्रपान, दुर्मीळ व्हेरिअंट. तेच कारण त्याला लवकर मारत असेल, तर टी आपोआप ‘संरक्षक’ दिसतो. सर्वसाधारण लोकसंख्येत ही दोन कारणं एकमेकांपासून स्वतंत्र असतात, पण ‘आजार झालेले’ या गाळणीतून गेल्यावर ती उलट दिशेने बांधली जातात. हे कमी करायचं तर टेलोमिअर लांबी, धूम्रपान आणि सुरुवातीचे एफव्हीसी-डीएलसीओ मॉडेलमध्ये हवेत, आणि एवढं करूनही निष्कर्षाची भाषा ‘आयपीएफ झालेल्यांमध्ये’ एवढ्याचपुरती ठेवावी.

दुसरी खोच : रक्त निदानानंतर कितीतरी महिन्यांनी घेतलेलं असतं. रुग्ण तोवर जगला म्हणूनच तुमच्या फ्रीजरमध्ये आहे. काळ निदानापासून मोजलात तर त्या महिन्यांत कुणी मरूच शकत नव्हतं. कॉक्स मॉडेलमध्ये (जगण्याच्या काळाचं सांख्यिकी मॉडेल) उशिराचा प्रवेश द्या : निदान शून्यावर, रक्ताची तारीख प्रवेश, मृत्यू किंवा शेवटची भेट बाहेर. फुप्फुस प्रत्यारोपण ही स्पर्धक घटना म्हणून धरा, साधी सेन्सॉरिंग (नोंद तिथेच नुसती थांबवणं) नको, कारण प्रत्यारोपण होतं ते ज्यांची तब्येत ढासळतेय त्यांचंच. पिर्फेनिडोन-निंटेडॅनिब ही औषधं कुणाला, कधीपासून मिळाली तेही हवं.

संख्या : निम्मे रुग्ण टी-वाहक असतील आणि हॅझर्ड रेशो (मृत्यूच्या वेगाचं गुणोत्तर) ०.६ असेल, तर ८० टक्के पॉवरला सुमारे १२० मृत्यू लागतात. १८० रुग्णांत तेवढे झाले नसतील तर हा प्रश्न दुय्यम म्हणून लिहा.

कुटुंब वगळू नका. एकाच टेलोमिअर-व्हेरिअंटच्या कुटुंबात एकाला आयपीएफ, दुसऱ्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, तिसऱ्याला वर्गीकरणात न बसणारा फायब्रोसिस हे नेहमी दिसतं. तिथे जोडणारा धागा व्हेरिअंट आहे, निदानाचं नाव नाही. कुटुंबाच्या अभ्यासात ‘फुप्फुसाचा कुठलाही फायब्रोसिस’ हा निकष, आणि १८० च्या तुलनेत कडक आयपीएफ. हे दोन निकष सुरुवातीलाच वेगळे लिहून ठेवा. तुलनेत प्रत्येक कुटुंबातून एकच माणूस घ्या.

किटचा प्रश्न. जुळवता येतं, पण तयार व्हीसीएफ (व्हेरिअंटच्या याद्यांच्या फाइली) एकमेकांना चिकटवून नाही. दोन्हींचे मूळ रीड घ्या, एकाच संदर्भावर अलाइन करा, एकत्र कॉल करा. मग ज्या जागी रुग्ण आणि कंट्रोल या दोन्हींत ९० टक्के लोकांत किमान १० पट खोली आहे, तेवढ्याच जागा ठेवा. त्यानंतर कसोटी : दुर्मीळ सिनॉनिमस (प्रथिन न बदलणाऱ्या) व्हेरिअंटचा बर्डन. त्यांचा आजाराशी संबंध नसायला हवा, तेव्हा माणशी सरासरी संख्या दोन्ही गटांत सारखी यायला हवी. रुग्णांत जास्त आली तर फरक किटचा किंवा वंशाचा आहे, आणि टीईआरटीचा तुमचा सुंदर निकालही त्याच मातीचा असू शकतो. सिनॉनिमस जुळत नाहीत तोवर मिससेन्सची (प्रथिन बदलणाऱ्या व्हेरिअंटची) फाइल उघडू नये, एवढी शिस्त पाळावी.

पीसीए (वंशाचे फरक दाखवणारं विश्लेषण) करताना एमएचसी (प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा भाग) आणि गुणसूत्र ८ वरचा मोठा इन्व्हर्जनचा भाग काढून टाका, नाहीतर मुख्य घटक वंशाऐवजी तेच दाखवतात. नात्यातले लोक किनशिपवर (नात्याच्या गुणांकावर) गाळा, ०.०८८४ च्या वरची जोडी म्हणजे दुसऱ्या दर्जाच्या नात्याइतकी किंवा त्याहून जवळची. लोक जिथे आपापल्या समाजातच लग्न करतात तिथे हे आकडे मुळातच थोडे वर सरकलेले असतात, त्यामुळे संपूर्ण वितरण काढून पाहा.

उत्तर – दोरीचं टोक

टेलोमिअरबद्दल, कारण तो प्रश्न राहिला.

साठवलेल्या डीएनएवर क्यूपीसीआर (प्रमाण मोजणारा पीसीआर) करता येतो, पण तो गटांच्या तुलनेसाठी. एका माणसाला ‘तुमचे टेलोमिअर आखूड आहेत’ सांगायला तो पुरेसा स्थिर नाही. त्यासाठी फ्लो-फिश (पेशींतले टेलोमिअर चमकवून मोजण्याची पद्धत), आणि त्याला ताजं रक्त लागतं, गोठलेला डीएनए नाही. १४ कुटुंबांतले जे हयात आहेत त्यांचं ताजं रक्त घेऊन फ्लो-फिश करा, बाकीच्यांचा क्यूपीसीआर. लिम्फोसाइटचा आकडा ग्रॅन्युलोसाइटपेक्षा जास्त बोलका असतो. वयानुसार १० व्या शतमानाखाली असला तर संशय घ्यावा, १ ल्याखाली असला तर जनुकं नीट तपासल्याशिवाय फाइल बंद करू नये.

क्यूपीसीआरमध्ये बहुतेक निकाल बिघडतात ते पीसीआरच्या आधी. डीएनए काढण्याची पद्धत बदलली की टी/एस गुणोत्तर (टेलोमिअर भागिले एकल-प्रत जनुक) बदलतं. रुग्णांचा डीएनए सॉल्टिंग-आउटने आणि कंट्रोलचा कॉलमने काढलेला असेल, तर जो फरक दिसेल तो बहुधा पद्धतीचा. तुमच्याकडे दोन्हींची पद्धत एकच आहे का, हे आधी तपासा. नसेल तर उरलेल्या रक्तातून एकाच किटने पुन्हा काढा, किंवा ही तुलना करूच नका. हेपॅरिनच्या नळीतलं रक्तही नको, हेपॅरिन पीसीआर अडवतं.

प्रत्येक नमुना तीन विहिरींत. प्लेटवर ५ टप्प्यांचा विरलन-वक्र, कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, टेलोमिअर आणि एकल-प्रत जनुक दोन्हींची जवळजवळ सारखी. एकच संदर्भ डीएनए सगळ्या प्लेटवर. मग वयाचं गणित : कंट्रोलमध्ये टी/एस वयावर बसवा आणि रुग्णांचं अंतर त्या रेषेपासून मोजा. इथे तुमचे लहान वयाचे कंट्रोल खरंच नडतील. ७५ वर्षांच्या रुग्णाला मोजायला रेषा जिथे संपते त्याच्या पलीकडे ताणावी लागेल. ७० पुढचे किमान ४०-५० निरोगी लोक आणखी मिळवा. थोडक्या निधीत सगळ्यांत मोलाची भर हीच ठरेल.

एका गोष्टीत वरच्या मांडणीला दुरुस्ती सुचवतो. लवकर जडलेल्यांचंच पॅनल करा हा निकष अपुरा आहे. पॅनलसाठी निवडताना वयासोबत तिशीच्या आत पिकलेले केस, कारण न सापडलेले कमी प्लेटलेट किंवा मोठ्या पेशींचा अ‍ॅनिमिया, कारण न सापडलेला सिरॉसिस, आणि क्यूपीसीआरमध्ये सर्वांत आखूड निघालेले १० टक्के, हेही घ्या. आरटीईएल१ आणि पीएआरएनचे वाहक बऱ्याचदा साठीनंतरच येतात, ते फक्त वयाच्या गाळणीतून निसटतील.

कुटुंबात व्हेरिअंट आजारासोबत चालतो का हे पाहताना ३५ वर्षांचा निरोगी वाहक हा ‘विरुद्ध पुरावा’ धरू नका. त्याचं वय अजून यायचं आहे. उलट, व्हेरिअंट नसलेल्या भावंडाचे टेलोमिअरही आखूड असू शकतात, कारण आखूड टेलोमिअर आईवडिलांकडून तसेच वारशाने मिळतात. लांबी आणि व्हेरिअंट हे दोन वेगळे स्तंभ ठेवा.

उत्तर – समुपदेशक

नमुन्यांना हात लावण्याआधी संमतीपत्र वाचा. ‘फुप्फुसाच्या आजाराचा अभ्यास’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुरणार नाही. टीईआरटी सापडला की त्यासोबत अस्थिमज्जा, यकृत आणि नातेवाईक येतात. निकाल कळवायचा का, कुणाला, रुग्ण हयात नसेल तर कुणाला, हे नमुना देणाऱ्याने आधी सांगितलेलं हवं. १४ कुटुंबांची संमती नव्याने घ्या.

अर्थ न लागलेला व्हेरिअंट, म्हणजे व्हीयूएस, नातेवाइकांची तपासणी करायला वापरू नका. ‘नाही सापडला’ असं ऐकून एखादा भाऊ निर्धास्त होतो, आणि कारण भलतंच असतं. रोगकारक किंवा बहुधा रोगकारक ठरलेला असेल तरच, आणि तोही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नव्या नमुन्यावर पुन्हा दाखवून. एमयूसी५बीचा टी कुणालाही वैयक्तिक निकाल म्हणून देऊ नये. तो कोट्यवधी निरोगी लोकांत आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना आयपीएफ कधीच होत नाही.

पण टेलोमिअरचा रोगकारक व्हेरिअंट निघाला तर तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचायलाच हवा. प्रत्यारोपणानंतर अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेटवर या रुग्णांच्या रक्तपेशी इतरांपेक्षा लवकर खाली जातात, आणि हे आधी माहीत असेल तर औषधांची आखणी बदलता येते. संमतीपत्रात यासाठी एक वेगळी ओळ आणि वेगळी सही ठेवा.

वायुकोश

नोंदी पाहिल्या. डीएनए काढण्याच्या पद्धती खरंच दोन आहेत : रुग्ण सॉल्टिंग-आउट, कंट्रोल कॉलम. १५२ रुग्णांचं थोडं रक्त शिल्लक आहे, तेव्हा ते आणि कंट्रोल एकाच किटने पुन्हा काढायचे आणि ७० पुढचे ५० कंट्रोल वाढवायचे ठरतंय. त्याआधी सध्याच्या २०० कंट्रोलमध्ये आरएस३५७०५९५०. पॅनलची यादी टेलोमिअरचे आकडे आल्यावर.

उत्तर – पिपेट

क्रम बरोबर आहे. उरलेल्या २८ रुग्णांना टेलोमिअरच्या तुलनेतून वगळा, पण एमयूसी५बीसाठी ठेवा. टॅकमॅनला काढण्याच्या पद्धतीने फरक पडत नाही. पुन्हा काढताना रुग्ण आणि कंट्रोल एकाच दिवशी, एकाच खेपेत मिसळून घ्या, आणि कुठली नळी कुठल्या खेपेत गेली हा स्तंभ पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर तो आठवणीतून भरता येत नाही.